बालवाडीमागची तीन झाडं

६ ऑगस्ट २००९

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि मोठी शास्त्रज्ञ झाल्याबद्दल वर एक जादा.

तुझं पत्र पोचलं. मामीने ते आधी वाचलं, मग मला दिलं, आणि मी वाचत असताना पुढे काय येणार ते मोठ्याने सांगत बसली. मला ऐकू आलं नाही म्हणून पत्राची गोडी टिकली. डाव्या कानाने कायमचा संप पुकारलाय आणि उजवा अर्धवेळ कामावर आहे. भट्टीच्या आवाजाची देणगी, दुसरं काय. तेव्हा फोन करू नकोस. फोनवर मी सगळ्याला ‘हो हो’ म्हणतो आणि मग निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. पत्रच लिहीत जा.

तर तुमची संस्था आमच्या बंद पडलेल्या जस्ताच्या कारखान्याभोवतीची माती तपासणार, आणि तीही झाडांची पानं खुडून! माती बघायची तर माती खणा, पानं कसली खुडता, असं मी मामीला म्हणालो. तिने तुझं पत्र पुन्हा माझ्या नाकासमोर धरलं. मग समजलं. खड्डा खणला तर त्या एका जागेचं कळतं. झाडाची मुळं दहा दिशांना हिंडून माती चाखून येतात आणि चाखलेलं पानात आणून ठेवतात. बरोबर ना? एकतीस वर्षं मी त्या यार्डात मुकादम होतो, पण झाडांकडून असं काम करून घ्यावं हे डोक्यात आलं नाही.

राहायची काळजी करू नकोस. मागची खोली तुझीच आहे. सात वर्षांची असताना पत्र्याची पेटी घेऊन उंबऱ्यात उभी राहिलीस, तेव्हापासून तुझीच आहे. मामीने गादी उन्हात टाकलीही. कारखान्याचं धुरांडं अजून उभं आहे, वसाहतीतली निम्मी माणसंही अजून उभी आहेत. ये लवकर.

पानांच्या नादात आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा

---

११ ऑक्टोबर २००९

ती. मामांस व मामीला,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

परत येऊन महिना होत आला, तरी मामीच्या हातचं जेवून वाढलेलं वजन तसंच आहे. तुम्हा दोघांचे आभार कोणत्या तोंडाने मानू? मामा, तुम्ही पंधरा दिवस शिडी धरून उभे राहिलात, एकशे चाळीस झाडांसाठी पत्रा कापून बिल्ले केलेत, त्यांवर आकडे ठोकलेत. माझ्या हाताखाली दोन मदतनीस होते, पण दोघांचं काम मिळून तुमच्या निम्मंही नव्हतं. फक्त एक बिल्ला तुम्ही उलटा ठोकलात, त्यामुळे इंग्रजी आकड्यांतल्या सहासष्टाचं नव्याण्णव झालं आणि आमच्या प्रयोगशाळेत नव्याण्णव नंबरची दोन झाडं निघाली. ते निस्तरलंय.

आता निकाल. कॅडमियम नावाचा धातू जस्ताच्या खनिजाबरोबर येतो, तोच आम्ही पानांत शोधतो. धुरांड्याच्या पायथ्याशी तो भरपूर आहे, वारा जिकडे वाहतो तिकडे ओढ्यापर्यंत हळूहळू कमी होत जातो. अपेक्षेप्रमाणेच. मामी, तुझ्या वाफ्यातही थोडा आहे. रागावू नकोस, पण तिथे पालेभाजी लावू नकोस, ती धातू पटकन उचलते. फुलझाडं लाव.

पण एक गोष्ट काही केल्या जुळत नाही. ११२, ११३ आणि ११४, म्हणजे बालवाडीच्या मैदानामागची ती तीन वाळुंजाची झाडं. धुरांड्यापासून दीड किलोमीटरवर, वाऱ्याच्या उलट बाजूला. तिथला आकडा धुरांड्याच्या पायथ्यापेक्षा दुप्पट आहे. आधी वाटलं, आमचीच चूक. पानं पुन्हा धुतली, वाळवली, दळली. आकडा तोच.

मामा, तुम्हाला त्या यार्डाची वीट न् वीट माहीत आहे. बालवाडी व्हायच्या आधी त्या जागेवर काय होतं? पानांवरून संशय घेता येतो, शिक्का मारता येत नाही. मातीचे नमुने घ्यायला परवानगी मागितली आहे, ती यायला तीन-चार आठवडे जातील. तोवर जीव खालीवर होतो. तिथे पन्नासेक मुलं खेळतात, मातीचे हात तोंडात घालतात. हा धातू पोटात गेला की मूत्रपिंडात वर्षानुवर्षं ठाण मांडतो. काही आठवलं तर लगेच कळवा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
ठमी

---

२० ऑक्टोबर २००९

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक. मामीने वाफ्याचं मनाला लावून घेतलंय, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसा काही कॅडमियम मीच पेरला होता. मग फुलझाडांची रोपं आणली. छपराचा एक पत्रा बदलला. कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो, त्याने कानात नळी घालून बघितलं आणि मान हलवली. मान हलवायला एवढं शिक्षण लागतं, हे मला माहीत नव्हतं.

बालवाडीच्या जागेवर काही विशेष नव्हतं. ओढ्याचा गाळ असेल.

तब्येतीला जप.

मामा

---

२ नोव्हेंबर २००९

चि. ठमे,
खूप खूप आशीर्वाद.

मी पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तू ओळखलंच असशील. तुझ्या मामांचं चित्त थाऱ्यावर नाही. तुझं ते पत्र आल्यापासून ताटावर बसतात आणि घास चिवडत राहतात. काय झालं विचारलं तर कानाकडे बोट दाखवतात. बेचाळीस वर्षांच्या संसारात ऐकू न येण्याचं सोंग मी ओळखत नाही का?

आता गंमत ऐक. गंमत म्हणजे काळजीच. गेल्या पंधरवड्यात हे रोज सकाळी बालवाडीत जातात आणि बाईंना सांगतात, की मैदानात साप दिसला, मुलांना बाहेर काढू नका. पहिल्या दिवशी बाईंनी आभार मानले. चौथ्या दिवशी त्यांनी साप पकडणाऱ्याला बोलावलं. त्याने सगळं मैदान पालथं घातलं, सरडा तेवढा मिळाला. तरी हे दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, दुसरा साप घेऊन. बाई मला बाजारात भेटल्या तेव्हा हळूच विचारत होत्या, की मुकादमकाकांची नजर तपासली का. मी हसले, पण घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही.

यांची नजर चांगली आहे ग. त्या जमिनीत काहीतरी आहे आणि यांना ते माहीत आहे. तू त्यांना खोदून विचार. माझ्याने होत नाही. ती बालवाडी व्हावी म्हणून मीच बायकांना घेऊन साहेबाच्या दारात बसले होते, हे तुला आठवत असेल.

पाखर असू दे तुझी आमच्यावर. वय झालं तरी माणसाला ती लागते.

तुझी मामी

---

४ नोव्हेंबर २००९

चि. ठमीस,
आशीर्वाद. हे पत्र पुरं वाचून झाल्यावर तो घ्यायचा की नाही ते तू ठरव.

मामीने तुला लिहिलंय हे मला माहीत आहे. चोरून लिहिलं, पण पाकिटावर लावायचं तिकीट माझ्याकडेच मागितलं. साप नव्हता. मी तुला खोटं लिहिलं. ओढ्याचा गाळ नाही तो.

ती जागा खोलगट होती. पाणी साचायचं, डास व्हायचे. बालवाडीला जागा दुसरी नव्हती, तेव्हा भराव घालायचं ठरलं आणि ते काम यार्डाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. खाणीतून मुरूम आणायचा होता. खाणीचा रस्ता नेमका खचला. उद्घाटनाला आठवडा उरला होता, पाहुण्यांना बोलावून झालं होतं. भट्टीमागच्या हौदांतला तांबूस गाळ उपसून गाड्या भरलेल्या उभ्या होत्या. तो गाळ अठरा किलोमीटरवरच्या अस्तर घातलेल्या खड्ड्यात टाकायचा, असा नियम होता. मी त्या गाड्या वळवल्या. मला कुणी सांगितलं नाही, मी कुणाला विचारलं नाही. तीन दिवसांत त्रेचाळीस गाड्या. वर वीतभर काळी माती पसरली, रोलर फिरवला. नोंदवहीत लिहिलं, की गाड्या खड्ड्यावर गेल्या.

मला माहीत होतं का? हा प्रश्न तू विचारणार, म्हणून आधीच सांगतो. त्या हौदांच्या कडेला गवत उगवत नाही, इतकं माहीत होतं. त्याच्या पुढचं मी माहीत करून घेतलं नाही. काम वेळेत झालं म्हणून उद्घाटनाला माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. ती जमीन सपाट झालेली बघून सगळ्यांत आधी तू तिच्यावर धावलीस, आणि मग बाकीची मुलं. मी कुंपणाशी उभा राहून बघत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. गेले पंधरा दिवस डोळे मिटले की तेवढंच दिसतं.

सोबत नकाशा काढलाय. गाड्या कुठून कुठे रिकाम्या केल्या, कुठे थर जाड आहे, सगळं पावलांच्या मापाने लिहिलंय. माझं पाऊल अडीच फुटाचं धर. त्या झाडांना कुणी बोलावलं नव्हतं. भरावाच्या कडेला आपणहून उगवली, आणि मी लपवलेलं बावीस वर्षं पानोपानी वाहत राहिली.

तुझ्या अहवालात माझं नाव गाळू नकोस. वसाहतीतल्या लोकांना मी स्वतः सांगणार आहे.

तुझ्या लोभाची मागणी या खेपेला करत नाही.

मामा

---

२५ नोव्हेंबर २००९

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं त्याच तासाला बाईंना फोन करून मैदान बंद करवलं. तुम्हाला मात्र लिहायला तीन आठवडे लागले. परवानगी आली, आमची माणसं नमुने घेऊन गेली, तेव्हा मी मुद्दाम आले नाही. खोटं कशाला सांगू, मला तुमचा राग आला होता. ज्या बोटाला धरून मी शाळेत गेले, त्याच बोटाने त्या गाड्या वळवल्या, हे माझ्या डोक्यात एकत्र मावत नव्हतं. अजूनही पुरतं मावत नाही. त्याला वेळ लागेल, आणि तो तुम्ही मला द्याल.

पण आज लिहायला बसले ते आभार मानायला. तुमच्या नकाशावर नेम धरून आम्ही बारा ठिकाणी खणलं. बाराही ठिकाणी वीतभर खाली तांबूस थर. एकही भोक वाया गेलं नाही. झाडांनी जागा दाखवली, पण ती किती खोल आणि कुठवर, हे तुम्ही दाखवलंत. नकाशा नसता तर हे शोधायला आम्हाला वर्ष लागलं असतं, आणि त्या वर्षात आणखी मुलं तिथे खेळली असती. तुम्ही गप्प राहिला असतात तर तुमचं नाव कुणाला कधीच कळलं नसतं. नोंदवहीत सगळं ठाकठीक होतं. हेही मी विसरू शकत नाही.

सगळ्या मुलांची तपासणी होणार आहे, बाईंचीही. मी माझी करून घेतली. माझं सगळं व्यवस्थित आहे. हे वाक्य पुन्हा वाचा: माझं सगळं व्यवस्थित आहे. आता जेवा नीट.

पालकांना तुम्ही स्वतः सांगणार म्हणता, ते योग्य आहे. मी येऊन शेजारी उभी राहीन म्हटलं असतं, पण मग तुमच्या जागी मी बोलत सुटले असते. तेव्हा तुम्ही एकटेच उभे राहा. नंतर मी येईन.

तुम्ही मागितला नाहीत तरी लोभ आहे. रागासकट आहे.

ठमी

---

६ जानेवारी २०१०

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

या सगळ्यात आपलं बोलणं फोनवरच झालं. पण जे सांगायचंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून पानं भरतेय. अक्षर मोठं आहे, मुलांना शिकवायची सवय.

पालकांची सभा बालवाडीतच झाली, मोठ्या माणसांना बुटक्या बाकांवर बसवून. मुकादमकाका उभे राहिले आणि दहा मिनिटांत सगळं सांगितलं. कुणावर ढकललं नाही, रडले नाहीत, माफीही मागितली नाही. म्हणाले, की ती मागायचा हक्क मुलांचे निकाल आल्यावर. मग जो गोंधळ उडाला तो काय सांगू. जुळ्या मुलींचा बाप ट्रक चालवतो, तो बाक ओलांडून त्यांच्या अंगावर गेला. सगळे एकदम ओरडत होते. काकांनी हात वर केला आणि म्हणाले, की मला यातलं काहीच ऐकू येत नाही, आणि बहिरा आहे म्हणून एकही शब्द चुकवून सुटका करून घ्यायची नाही. प्रत्येकाने लिहून द्यावं, मी प्रत्येकाला उत्तर देईन.

मग मी चित्रकलेच्या वह्यांचे कागद फाडून वाटले, रंगीत खडू वाटले. ताई, ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. पन्नासाहून जास्त माणसं गुडघ्यावर कागद ठेवून खडूने लिहीत होती. सत्तावन्न कागद जमले. काहींवर शिव्या होत्या. एकावर नुसतं मुलीचं वय होतं: चार वर्षं. काकांनी ते सगळे घडी करून पिशवीत ठेवले आणि पुढचे तीन आठवडे रोज दोन-तीन घरी जाऊन उत्तरं दिली, तीही लिहून. काही दारं उघडली नाहीत, तिथे फटीतून आत सरकवली. ट्रकवाल्याने त्यांचं उत्तर त्यांच्यासमोर फाडलं. ते दुसरं लिहून घेऊन गेले. तेही फाडलं. तिसरं त्याच्या बायकोने घेतलं.

निकाल काल आले. बावन्न मुलांपैकी पाचजणांच्या शरीरात प्रमाण वाढलेलं आहे, त्यात त्या जुळ्यांपैकी एक. मूत्रपिंडाला इजा कुणालाच नाही. त्या मातीपासून दूर राहिली, खाणंपिणं नीट ठेवलं, तर वाढत्या वयात निभावून जातील, असं डॉक्टर म्हणाल्या. दर सहा महिन्यांनी तपासायचं.

माझं तसं नाही. मी एकोणीस वर्षं त्या मैदानात मुलांच्या बरोबरीने बसले, झाडलं, धूळ खाल्ली. माझ्या मूत्रपिंडाला थोडी झळ लागली आहे. आहे ते भरून येणार नाही, पण वाढू न देता सांभाळता येईल. काकांना हे कळलं तेव्हा ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. मला त्यांचा राग आला होता, मी तो त्यांना लिहून दिलाच होता, हिरव्या खडूने. पण त्या दिवशी मी त्यांना आत बोलावून चहा दिला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या नोकरीची आणखी बारा वर्षं आहेत. ती मी त्याच धुळीत काढली असती आणि काहीच कळलं नसतं. तुम्ही, ती झाडं आणि उशिरा का होईना बोललेला तो म्हातारा, तिघांनी मिळून मला त्यातून उचललं. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

सवड मिळाली की चार ओळी पाठवत जा. मुलांना वाचून दाखवीन.

तुमची,
बालवाडीच्या बाई

---

२२ मार्च २०११

चि. ठमीस,
आशीर्वाद, चिखलाच्या हाताने.

वर्षभरात तू चारदा येऊन गेलीस, तरी हे पत्र लिहितोय, कारण तू असतेस तेव्हा मामी मला बोलू देत नाही.

मैदानाखालचा भराव उपसून झाला. चौकशी अधिकाऱ्यापुढे मी जबाब देऊन सही केली आहे, पुढचं त्यांच्याकडे. त्रेचाळीस गाड्या भरल्या होत्या, उपसताना एकोणसाठ निघाल्या, कारण खालची मातीही बाटली होती. प्रत्येक गाडीत मी पुढे बसून अस्तराच्या खड्ड्यापर्यंत गेलो. कंत्राटदार म्हणाला, काका, तुमची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे. पहिली गाडी कोणाची असावी? जुळ्यांच्या बापाची. दहा दिवस आम्ही शेजारी बसून अठरा किलोमीटर जात होतो आणि येत होतो, एक अक्षर नाही. अकराव्या दिवशी त्याने पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. मी प्यालो. एवढंच झालं, पण मी घरी येऊन मामीला तीनदा सांगितलं.

बालवाडी आता जुन्या साहेबलोकांच्या क्लबात आहे. बाईंना प्रशस्त खोली आणि फरशीचं अंगण मिळालंय.

आता लागवडीचं. ओढ्याकाठची एवढी जमीन उपसून नेणं शक्य नाही, ती झाडांनीच साफ करायची, हे तुझं म्हणणं लोकांना पटलं. वरून एक साहेब आले होते, ते परदेशी झाडांची जात सुचवत होते, भराभर वाढणारी. तू त्यांना सांगितलंस, की इथली वाळुंजं या मातीत बावीस वर्षं तग धरून आहेत, त्यांच्याहून लायक उमेदवार आणायचा कुठून. माझी छाती दोन इंच फुगली. त्या तीन झाडांच्याच फांद्या कापल्या, दोन हात लांबीच्या कांड्या केल्या, दीड दिवस पाण्यात ठेवल्या आणि खोचल्या. तीन हजार दोनशे. वसाहतीतले आम्ही नऊ निवृत्त, मिळून वय सहाशेच्या वर. गुडघ्यांचा आवाज मला सोडून सगळ्यांना ऐकू येत होता. बायका आल्या, पोरंसोरं हातमोजे घालून आली. गेल्या आठवड्यात मोजलं, दहापैकी नऊ कांड्या फुटल्यात.

पानगळीची शिस्त मी सगळ्यांना घोकून घेतली आहे. पान खाली पडून कुजलं, की झाडाने उचललेलं पुन्हा मातीत. म्हणून जाळ्या लावायच्या, पानं पोत्यांत भरायची, चुलीत घालायची नाहीत, बकरीला द्यायची नाहीत. लोक मला टरकून असतात. पुन्हा मुकादम झालोय, पण या वेळी नोंदवही बाईंकडे आहे. मीच मागणी केली तशी.

माया राहू दे. हल्ली मी ती उघडपणे मागतो.

मामा

---

१७ सप्टेंबर २०१३

ती. मामांस व मामीला,
सा. न. वि. वि.

आज तीन बातम्या आहेत, तिन्ही चांगल्या, म्हणून बसून वाचा.

पहिली. गेल्या हिवाळ्यात आपण झाडं बुंध्यापासून हातभर ठेवून कापली, तेव्हा तुमचा चेहरा बघवत नव्हता. पाचव्या महिन्यात एकेका बुंध्याला आठ-आठ फोक आले ते तुम्ही पाहिलेच. कापलेलं लाकूड बंदिस्त भट्टीत जाळून राख खड्ड्यात पुरली. त्या राखेत जे होतं ते तुमच्या ओढ्याकाठच्या मातीतून आलं होतं. वरच्या थरातला कॅडमियम दोन हंगामांत दहातला एक भाग उतरलाय. फार नाही. असंच चालू राहिलं तर पुरती साफ व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतील. कुणाला याहून लवकरचं वचन देऊ नका, मीही देत नाही. पण आकडा उतरतोय.

दुसरी. पाच मुलांपैकी चौघांचं प्रमाण इतरांसारखं झालं आहे. पाचवं, म्हणजे जुळ्यांपैकी धाकटी, अगदी काठावर आहे आणि उतरतेच आहे. बाईंचं आहे तिथेच थांबलंय, आणि डॉक्टर यालाच यश म्हणतात.

तिसरी तुमची एकट्याची. अहवालात मी सगळं लिहिलं होतं, तुम्ही सांगितल्याप्रमाणे नाव न गाळता: संशय झाडांमुळे आला, खात्री एका माणसाच्या सांगण्यामुळे झाली. तो अहवाल इकडेतिकडे वाचला गेला. गेल्या महिन्यात आमच्या संस्थेत एक पाकीट आलं. दुसऱ्याच एका बंद कारखान्यातल्या निवृत्त फोरमनने हाताने काढलेला नकाशा पाठवला होता, पुरलेल्या पिंपांचा. सोबत एकच ओळ, की तुमच्या त्या मुकादमाने सांगितलं, मग मीही सांगतो. काल दुसरं पाकीट आलं, तिसऱ्या गावाहून. विहिरीजवळची जागा आहे मामा, लोक तिथलं पाणी पितात. आम्ही आजच माणसं पाठवली.

चार वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं, की दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र मावत नाहीत. आता मावतात. त्यातली एक लहान झाली असं नाही. तुम्ही केलंत ते केलंतच. पण सात वर्षांच्या मला तुम्ही घर दिलंत, आणि एकतिसाव्या वर्षी खरं काय ते दिलंत. या दोन्हींचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते.

तुमच्या घरातली जागा तशीच राखून ठेवा.

तुमची,
ठमी

---

९ ऑक्टोबर २०१३

चि. ठमीस,
भरभरून आशीर्वाद, या खेपेला हिशेब न ठेवता.

तुझं पत्र मामीने आधी वाचलं आणि माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून गेली. पुढचं काही सांगितलं नाही. तेव्हाच समजलो, की यात रडण्यासारखं काहीतरी आहे.

त्या फोरमनचा पत्ता मला पाठव. त्याला लिहायचंय. पुढचे दोन महिने त्याला कसे जाणार आहेत ते मला ठाऊक आहे. कुणीतरी आधी सांगितलेलं बरं असतं. विहिरीवाल्याचाही पाठव.

धाकटीच्या निकालाचं मी तिच्या बापाला सांगायला गेलो, तर त्याला आधीच कळलं होतं. तो ट्रक पुसत होता. मला बघून दुसरं फडकं पुढे केलं. मग आम्ही दोघांनी ट्रक पुसला.

पंधरा-वीस वर्षं म्हणतेस. मी अडुसष्टचा आहे. मी ती जमीन साफ झालेली बघणार नाही, हे मला लागवडीच्या दिवशीच समजलं होतं आणि त्याचं वाईट वाटत नाही. रोज सकाळी झाडांमधून चक्कर मारतो, जाळ्या तपासतो, आणि अजून करायला काम आहे याचं बरं वाटतं. माझ्या वयाच्या किती माणसांना ते मिळतं? तू, बाई, वसाहत, सगळ्यांनी मला त्या कामावर राहू दिलंत. हे तुम्हाला नाकारता आलं असतं. मी ते जाणून आहे.

दोन दिवस थंडी पडतेय. बुंध्याजवळची पानं पिवळी व्हायला लागली, आठवड्यात गळायला लागतील. आम्हा नऊ निवृत्तांतले दोघे गेले, एकाचा गुडघा बदललाय. माणसं कमी पडणार. तुला सुट्टी मिळत असेल तर ये. पोती उचलायला नको, नुसती ये.

मामा